नदीची वस्तुरूप देणगी

उतार गल्लीच्या निवारा केंद्राला शेवटी देणगी दिली ती नदीनेच, आणि तीही वस्तुरूपाने.

त्याआधी आमचे सगळे उंबरे झिजवून झाले होते. हवामान बदलतंय, पाऊस आता पंचांग बघून पडत नाही, तेव्हा शहरातल्या प्रत्येक वस्तीला स्वतःचं निवारा केंद्र असावं, असा महापालिकेने ठराव केला. उंच जोत्यावरची इमारत, छपरावर सौर दिवे, प्यायचं पाणी, औषधं, स्वयंपाकाची मोठी भांडी, एक होडी. नकाशा इतका देखणा होता की दोघातिघांनी तो घरात देवाच्या फोटोशेजारी लावला. निम्मा खर्च महापालिका करणार, निम्मा वस्तीने उभा करायचा. आता वस्तीकडे काय असणार? जे असतं ते दर दोन-तीन पावसाळ्यांनी नदी धुऊन नेते. मी समितीचा सचिव. सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली, त्यामुळे न येणाऱ्या गोष्टीसाठी लोकांना बसवून कसं ठेवायचं हे मला चांगलं जमतं. तालमीत सभेमागून सभा घेत होतो.

चैत्रातल्या अशाच एका सभेला नदी आली आणि मागच्या बाकावर बसली. ती दिसत कशी होती, असं बाहेरगावचे लोक विचारतात. नदी दिसते तशी दिसत होती. बाकाखालची फरशी काळी पडली आणि मारुतीपुढची उदबत्ती विझली, एवढंच. कोणी ओरडलं नाही. सभेला माणूस आलं की सरकून जागा द्यायची आमची रीत आहे. लोक सरकले.

“निम्मं मी देते,” ती म्हणाली. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलावं तसा आवाज होता. “आजवर या गल्लीतनं जे नेलं ते सगळं. आणि इथून पुढं जे नेईन, ते दर चैत्रात आणून देईन.”

महापालिकेचे कनिष्ठ अभियंता मुजावर सभेला होते. सरळ माणूस, पण नियमाला पक्का. ते म्हणाले, “वस्तुरूप देणगी चालते. फक्त एक आहे. केंद्राला दिलेली वस्तू केंद्राची. नंतर कोणी म्हणायचं नाही, हा दरवाजा आमचा, ती टाकी आमची. आवाराबाहेर काही जाणार नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापलं कपाट तरंगत असणार.

तेव्हा मालनवहिनी खटावकर उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान आनंदा मागच्या मोठ्या पुरात पिठाच्या गिरणीची मोटार काढायला पाण्यात उतरले, ते परत आले नाहीत आणि सापडलेही नाहीत. वहिनींनी कुंकू पुसलं नाही. मग त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे गल्लीतल्या बायकांना ठरवता येईना. न बोलवणं सोपं, म्हणून बोलवत नसत. मला याची चीड यायची, पण माझी बायकोही त्यांच्यातच होती.

“साहेब,” वहिनी म्हणाल्या, “वस्तूत माणूस बसतो का?”

मुजावरांनी हातातला कागद उलटसुलट केला. “बसत नाही असं कुठं म्हटलेलं नाही.”

“मी सगळं म्हणाले,” नदी म्हणाली.

वहिनी खाली बसल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

घोळ झाला तो निरोपाच्या वेळी. पाणी घाटाच्या पायरीला लागलं की आमच्या बायका तिथे जाऊन नदीची ओटी भरतात, आणि ‘आता माघारी फिर बाई’ म्हणतात. इथे तर ती घरच्यासारखी तालमीच्या उंबऱ्यात उभी होती. गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या अक्काताईंनी धावत जाऊन खण-नारळ आणला, ओटी भरली, आणि लेकीला म्हणावं तसं सवयीने म्हणून गेल्या, “येत जा गं माहेरी. हे घर तुझंच हाय.”

बायकांनी मागून अक्काताईंचा पदर ओढला, पण शब्द जाऊन चुकला होता.

“येईन की,” नदी म्हणाली आणि उतारावरून खाली गेली. चैत्राच्या उन्हातसुद्धा तिची ओली वाट दिवसभर वाळली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आवारात देणगी येऊन पडली होती. दारं, खिडक्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या, गॅसच्या शेगड्या, लग्नातले हंडे, एक होडी, अक्काताईंची शेळी. सगळं ओलं, पण जसं गेलं तसंच. ढिगाच्या टोकाला गिरणीची मोटार, आणि तिच्यावर बनियन घातलेले आनंदा बसले होते.

“आलासा?” वहिनींनी विचारलं.

“मोटार काढायची ऱ्हायली हुती,” ते म्हणाले. मग वहिनींकडे बघत राहिले. “तुझं केस पांढरं कशानं झालं?”

“पीठ उडालंय,” वहिनी म्हणाल्या.

मुजावरांनी स्वतः पिवळ्या रंगाचा डबा आणला होता. प्रत्येक वस्तूवर त्यांनी ‘निवारा केंद्र, उतार गल्ली’ असं लिहिलं. आनंदांच्या बनियनवर पाठीमागे लिहिलं, तेव्हा ते वाकून उभे राहिले. त्यानंतर वहिनी त्यांना घरी न्यायला निघाल्या. फाटकाबाहेर पाऊल पडताच आनंदांच्या घोट्यातून पाणी वाहायला लागलं आणि पाय दिसेनासा झाला. वहिनींनी त्यांना दोन्ही हातांनी आत ओढलं. मुजावर हळहळले, पण नियम नियम होता.

केंद्र तिथेच, तालमीच्या आवारात, महिन्या-दोन महिन्यांत उभं राहिलं. भिंतींपेक्षा दारं जास्त झाली, तरी भक्कम आहे. उद्‌घाटन झालं, कुलूप लागलं आणि किल्ली मुजावरांकडे गेली. आपत्ती नसताना निवाऱ्यात मुक्काम करता येत नाही. वहिनी रोज खिडकीच्या जाळीतून कोरडा टॉवेल आत द्यायच्या, आनंदा डोकं पुसून तो पिळून परत द्यायचे. ते कधी वाळलेच नाहीत.

“मला आत बसू द्या की साहेब. कोपऱ्यात बसते,” वहिनींनी हात जोडले.

“वहिनी, वस्तू आत राहू शकते,” मुजावर अगदी कळवळून म्हणाले. “माणसाला आपत्ती लागते.”

आषाढात मालनवहिनी ओटीचं ताट घेऊन घाटावर जायला लागल्या. नदी अजून पायरीच्या खूप खाली होती. वहिनी तिला माघारी फिर म्हणत नव्हत्या, ये म्हणत होत्या. गल्लीला हे समजलं. रागवायला हवं होतं, पण जाळीतून जाणारा तो टॉवेल सगळ्यांनीच पाहिला होता.

नदी आली ती नागपंचमीला. माहेरवाशिणी येतात त्याच दिवशी. गल्ली केंद्रात गेली, आणि सांगायला अभिमान वाटतो, सगळं नकाशाप्रमाणे चाललं. दिवे लागले, पाणी मिळालं, होडीने म्हातारीकोतारी आणली. आनंदा त्या मोटारीवर गिरणी जोडून दळण दळत होते. वहिनी शेजारी बसून त्यांचे केस पुसत होत्या. दोघं काय बोलत होते ते गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

पाऊस थांबला. वरच्या गावांचं पाणी उतरल्याचं रेडिओवर सांगितलं. केंद्राच्या पायरीवरचं काही हलेना. वर चढेना, खाली जाईना. उंबऱ्याशी नुसतं उभं होतं.

“माहेरवाशीण हाय ती,” अक्काताई म्हणाल्या. “रिकाम्या हातानं कशी जाईल?”

साडी दिली, नारळ दिला, पुरणपोळ्या दिल्या. सगळं तिथेच तरंगत राहिलं. केंद्रातली वस्तू देता येत नव्हती. लोक एकमेकांकडे बघेनात. आयांनी मुलं मांडीवर ओढून घेतली.

वहिनी उठल्या आणि पदर खोचला.

“वहिनी, कुठं निघालात?” मी विचारलं.

“मी अजून केंद्राची न्हाई, भाऊजी. मला जाता येतंय.” त्या हसल्या. “आन् तिनं नेलेलं ती चैत्रात देतीच की.”

आनंदांनी मोटार बंद केली नाही. “चालू ठिवतो,” एवढंच म्हणाले.

दारात माझी बायको आडवी आली. मला वाटलं थांबवते. तिच्या हातात करंडा होता. तिने वहिनींना हळद लावली, कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. मागून एकेक करत सगळ्या बायका आल्या. वहिनी प्रत्येकीसमोर कपाळ पुढे करत होत्या. मग त्या पायऱ्या उतरल्या. त्यांच्यामागून पाणी उतरत गेलं, आणि थोड्या वेळाने रस्ता दिसला.

यंदाच्या चैत्रात देणगी थोडकीच आली. दोन बादल्या, एक फाटक, आणि फाटकावर बसलेल्या मालनवहिनी. केस जेवढे पांढरे होते तेवढेच होते. कपाळावरचं कुंकू ओलं होतं.

मुजावरांनी पिवळा डबा उघडला. “वहिनी, कुठं लिहू?”

“पदरावर. अक्षर जरा बरं काढा, भांड्यावर नाव घालत्यात तसं.”

त्यांनी सावकाश, वळणदार लिहिलं. वहिनी आत गेल्या. मुजावरांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. आत गिरणी सुरू झाली होती.