ब्लाउजपीस आणि नऊवारी

गोळी तोंडात टाकण्याआधी आमचे शेजारी गणपतअण्णा ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून बघतात. मग उजेडाकडे धरतात. चिकपेटेच्या बाजारात चाळीस वर्षं साड्या विकल्या. हाताला दुसरं काही सुचतच नाही.

एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. "म्हणजे मी वेंधळा नव्हतोच!" म्हणत अण्णा गल्लीभर म्हैसूरपाक वाटायला निघाले. चौथ्या घरी गप्पांत रमले आणि डबा तिथंच विसरून आले.

औषध एकच, मेथिलफेनिडेट. पण एक गोळी चार तास चालणारी, दुसरी दिवसभर. अण्णांनी त्यांची नावं पाडली, ब्लाउजपीस आणि नऊवारी. "तागा एकच गं, कापलाय वेगळा." दोन्ही दोन-दोन आठवडे घ्यायच्या, भूक, झोप, बीपी, काम रोज लिहायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी बाई ठरवणार कुठली चालू ठेवायची. लिहायचं काम माझ्याकडे. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. खोटं लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकलं.

नऊवारी सरळ जिंकत होती. अण्णांनी पाच वर्षं अर्धवट पडलेलं कपाट रंगवून संपवलं. वाक्यंसुद्धा पुरी करायला लागले. घर मात्र विचित्र गप्प झालं होतं. कधीही जावं, तर अण्णा खुर्चीत ताठ बसलेले, कान स्वयंपाकघराकडे.

गुरुवारी मी विचारलं, "नऊवारी लिहू ना?"

"स्वल्प थांब," अण्णा त्यांच्या कानडी वळणात म्हणाले. "ब्लाउजपीस लिही."

"अण्णा, त्या गोळीवर दुपारी चहा ठेवून विसरता तुम्ही. घर पेटेल!"

"नाही पेटत. शांता बंद करते."

शांताक्का, त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आयुष्यभर मी ठेवायचो, ती उतरवायची. अजून तसंच आहे. एक वाजला की डोकं उसवतं. मग चारला चहा ठेवतो, विसरतो. जाऊन बघावं तर गॅस बंद." ते बोटांनी सदऱ्याची कड चाचपत राहिले. "नऊवारीत मलाच आठवतं गं. मीच बंद करतो. दिवसभर कोणी येत नाही."

मी सगळं खरं तेच लिहिलं, चहासकट. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग ब्लाउजपीस लिहून दिली, एका अटीवर: रोज चहाच्या वेळी, चार वाजता, मी जाऊन गॅस बघायचा.

मी मागच्या दारानं जाते. पातेल्यातून वाफ येत असते, चहा काठापर्यंत चढून खाली बसलेला असतो. अण्णा बाहेरच्या खोलीत भलत्याच कामात गुंतलेले. तिथूनच विचारतात, "केलंस ना बंद? सरी, सरी, बरं झालं."

हा प्रश्न मला असतो की आणखी कोणाला, मी विचारलेलं नाही.

महिना झाला. गॅस मला एकदाही बंद करावा लागलेला नाही.