मस्कतचं कुंकू

रेवणप्पांच्या तोंडून अभद्र शब्द निघाला असं कुणी सांगितलं असतं, तर लातुरात त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांचं दुकान कधी बंद होत नसे, ते ‘वाढवलं’ जाई. एवढं तर सगळेच व्यापारी पाळतात. पण आप्पांचा माल संपतही नसे, तो ‘गावाला गेलेला’ असे. त्या वर्षी दुष्काळानं विहिरी आटल्या, टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या, तरी आप्पा म्हणत, “पाऊस निघालाय. वाटंत हाय.”

मी तेव्हा नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत कारकून म्हणून नांदेडहून आलो होतो. आप्पांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. एकदा नळाला पाणी नाही म्हणून तावातावानं खाली गेलो.

“न्हाई म्हणू नका साहेब,” आप्पा कळवळले. “कमी हाय म्हणा.”

मी रिकामी बादली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी वाकून आत पाहिलं. “लई कमी हाय,” म्हणाले. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आप्पांचा धंदा कुंकवाचा. हळद, लिंबाचा रस, टाकणखार, सगळं घरीच करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक महानंदा लग्नानंतर नवऱ्याबरोबर मस्कतला गेली आणि तिच्या मागोमाग कुंकवाच्या डब्याही गेल्या. तिथल्या आपल्याकडच्या बायका तिच्याकडूनच कुंकू घेत. त्यामुळं परक्या मुलखात तिचं घर भरलेलं असे. “आपला माल फॉरेनात चालतो,” हे आप्पा दूधवाल्यालाही ऐकवत.

मग एक दिवस तिचा फोन आला. नव्या डब्यांतल्या कुंकवानं बायकांच्या कपाळांवर फोड उठले होते. तिच्याकडं कुणी फिरकेनासं झालं होतं.

आप्पा घामाघूम होऊन वर आले. दुष्काळात लिंबं मिळेनात, म्हणून या खेपेला त्यांनी बाजारातलं लिंबूसत्त्व घातलं होतं आणि अंदाज चुकला होता.

“चूक माझीच हाय,” ते म्हणाले. “तुम्ही कचेरीतले, मला चार वळी लिहून द्या. महानंदा फोनवर उतरून घेईल अन् तिथं बायकांना वाचून दाखवंल.”

मी लिहिलं, ‘हे कुंकू ताबडतोब पुसून टाकावे व डबी परत करावी.’

आप्पांनी कानांवर हात ठेवले. “सवाष्णीला कुंकू पुसा म्हणू? शिव शिव!”

‘वापर बंद करावा’ चालेना. ‘लावू नये’ तर त्याहून नको. शेवटी ठरलं ते असं: ‘आताच्या कुंकवास विश्रांती द्यावी, नवे निघाले आहे.’ माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. सरकारी नोकरीत मी गोलमाल मसुदे पुष्कळ लिहिलेत, पण याची सर कशालाच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रंक कॉल लागला. आम्ही नवरा-बायको दोघंही दुकानात उतरलो. आप्पांनी मसुदा खड्या आवाजात वाचला. मग सहज विचारलं, “अन् तुझं कपाळ बरं हाय न्हवं?”

आप्पांचा चेहरा उतरत गेला.

“डोळ्यापर्यंत सुजलंय? अन् तरी तेच लावायलीस? कशापायी?” ते ऐकत राहिले. “आप्पाचं कुंकू लेकच लावंना, असं बायका म्हणतील म्हणून?”

त्यांनी माझा कागद गल्ल्यावर ठेवून दिला.

“पूस ते,” आप्पा म्हणाले. “इश्रांती बिश्रांती न्हाई. पूस. आत्ता जा, मी फोन धरतो. अन् बायकांनाबी असंच सांग. माझ्या बापानं माल बिघडवला म्हण.”

ती धुऊन येईपर्यंत ते रिसीव्हर कानाला लावून उभे होते. मग फोन ठेवला आणि खाली बसले. मला फार वाईट वाटलं. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी नुसताच हातात धरला.

“वैनी,” ते म्हणाले, “पोटच्या लेकीला असं बोललो. यावर काही उतारा करायचा असतोय का? घरात इचारायला बाईमाणूस न्हाई.”

“काही करायचं नसतं, आप्पा,” ती म्हणाली. “उद्या परत फोन लावा. नुसतं कशी आहेस विचारा.”

“हाव,” म्हणाले, आणि तिथंच फोनपाशी बसून राहिले.