ठीक असल्याची खूण

पाण्यात तोंड घालून बायको पस्तीस सेकंद गप्प पडली आणि सावधानरावांचा धीर सुटला. त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि एका झटक्यात उताणी केली.

"अहो! काय झालं?" बायको खोकत, गॉगल कपाळावर चढवत ओरडली.

"तुला काय झालं? हालत नव्हतीस!"

"हालायचं नसतंच! श्वास रोखून निवांत पडायचं, हीच तर परीक्षा आहे!"

"पण तू अगदीच निवांत पडली होतीस," सावधानराव म्हणाले.

काठावर घड्याळ घेऊन बसलेल्या कोचनं कपाळाला हात लावला. पोरगी जेमतेम सव्वीस वर्षांची, पण पोहण्याच्या तलावात तिचा शब्द म्हणजे शब्द. "काका, एक मिनिट झाल्यावर मी सांगेन, तेव्हा काकूंच्या खांद्यावर टिचकी मारायची. काकूंनी बोट वर केलं की त्या ठीक. तोपर्यंत फक्त बघायचं."

"बघतच होतो. शंका आली."

शंका येणं हा सावधानरावांचा पोटापाण्याचा धंदाच होता. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते आणि 'सावधानराव' हे नाव त्यांना कामगारांनीच ठेवलं होतं. 'शंका आली की थांबवा' अशी पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून गेटवर लावली होती. एकदा कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यातून वाफ आली, तर यांनी अख्खा कारखाना तासभर मैदानात उन्हात उभा केला होता. लोक हसायचे, पाठीमागे नकला करायचे. पण बावीस वर्षांत तिथं कुणाचं साधं नखसुद्धा दुखावलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

बायको वीज कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक येऊन तिच्यावर ओरडायचे, जणू दिवे तिनंच फुंकून विझवले होते. गुडघे दुखतात म्हणून ती तलावावर येऊ लागली, आणि तिथं तिला श्वास रोखून पाण्याखाली जाणारी मंडळी दिसली. पाठीवर ना नळकांडं, ना नळी, नुसता एक श्वास. त्या वर्गात पहिल्या दिवशी डोकं पाण्यात घातलं आणि ती जी खूश झाली! "आत कुणाचाही आवाज येत नाही हो," हे तिनं त्या रात्री जेवताना चार वेळा सांगितलं.

त्यात त्यांची मुलगी समुद्राकाठी प्रवाळांचा अभ्यास करायची. गेल्या सुट्टीत तिच्या होडीतून सगळे पाण्यात उतरले आणि आई होडीत बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळत राहिली. प्रमाणपत्र नाही तर पाण्यात उतरायचं नाही, असा नियमच होता. या सुट्टीत आईला उतरायचं होतं. आठ आठवडे तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि आज परीक्षेचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून दुरुस्तीसाठी तलाव दोन महिने बंद.

आणि आजच तिची जोडीदार, म्हणजे ग्रंथालयातली तिची मैत्रीण, सर्दीनं नाक चोंदून घरी बसली. या वर्गाचा पहिला नियम असा, की एकट्यानं पाण्यात तोंड घालायचं नाही, मग पाणी गुडघाभर का असेना. एक जण खाली, एक जण वर, नजर ठेवून. सावधानराव आठही आठवडे बायकोला सोडायला यायचे, काठावर बसून सगळं ऐकायचे. हा नियम तर त्यांना इतका आवडला होता की त्यांनी तो वहीत उतरवून घेतला होता. जोडीदारांच्या सरावाच्या दिवशी ते हौसेनं पाण्यातही उतरले होते. त्यामुळे आज "मी उभा राहतो की!" म्हणून त्यांनी लगेच शर्ट काढला. बायकोला तेव्हाच जरा धाकधूक वाटली होती.

"हे बघा काका," कोच म्हणाली, "शंका आली तर उचलायचं, हे बरोबरच आहे. पण शंका यायला काहीतरी कारण लागतं. दोन मिनिटं व्हायला हवीत. चला, पुन्हा."

दुसऱ्या खेपेला सगळं झकास चाललं. एक मिनिटावर कोचनं इशारा केला, सावधानरावांनी टिचकी मारली, बायकोनं बोट वर केलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. सव्वा मिनिटाला पुन्हा टिचकी, पुन्हा बोट. आणि मग बायकोचं पोट आतून आचका दिल्यासारखं हाललं.

असे आचके येतातच, शरीर हवा मागतं, घाबरायचं काही कारण नाही, हे कोचनं आठ आठवड्यांत दहा वेळा सांगितलं होतं आणि सावधानरावांच्या वहीत ते लाल शाईनं लिहिलेलंही होतं. पण वही होती कपाटात आणि बायको होती पाण्यात. दुसरा आचका आला, आणि त्यांनी तिला उचललं. नुसतं उचललं नाही, तर बेशुद्ध माणसासाठी शिकवलेली सगळी क्रिया सुरू केली. आधी गॉगल ओढून डोळ्यांवर फुंकर. मग गालावर हलकी थाप. मग नाव घेऊन हाक.

इथं घोटाळा झाला. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. ऐन वेळी नाव घशातच अडकलं, आणि कारखान्यात भोंगा बंद पडला तर वापरायचा तो आवाज बाहेर आला, "अगं! अगं ए! श्वास घे!"

शेजारच्या पट्ट्यात पाण्यातला व्यायाम करणाऱ्या नऊ बायका होत्या. आपापल्या घरी त्या नऊही जणी 'अगं' होत्या. नऊ माना एकदम वळल्या आणि नऊ जणींनी छाती भरून श्वास घेतला.

हे बघून तलावाचा जीवरक्षक उडालाच. एकाच वेळी दहा बायकांना काहीतरी झालंय असं समजून त्यानं तीन शिट्ट्या फुंकल्या. तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी ताबडतोब बाहेर. सगळे भराभर बाहेर पडले, फक्त एक आजोबा कानात बोळे घालून मधोमध उताणे तरंगत राहिले. मग जीवरक्षकानं त्यांच्यासाठी उडी मारली. आजोबांना वाटलं आपल्यावर कुणी हल्ला केला. त्यांनी जीवरक्षकाला चांगलाच गुद्दा हाणला.

"आता पंधरा मिनिटं कुणी पाण्यात उतरायचं नाही," नाक चोळत जीवरक्षकानं सांगितलं. "धोक्याच्या शिट्टीनंतर तसा नियम आहे."

सावधानरावांनी मान डोलावली. नियम चोख होता. त्यांनी स्वतःही हाच केला असता.

नऊ बायका टॉवेल गुंडाळून बाकावर ओळीनं बसल्या. "काही म्हणा," त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "आमच्या ह्यांना मी बुडाल्याचं संध्याकाळी चहाच्या वेळी कळेल!" सगळ्या खो खो हसल्या. सावधानरावांची बायको हसली नाही. ती काठावर पाय सोडून बसली होती.

"अगं, मी मुद्दाम नाही केलं," ते शेजारी टेकत म्हणाले.

"माहितीय."

"मला वाटलं..."

"तेही माहितीय." तिचे डोळे भरून आले. "मला परत टॉवेल सांभाळत बसायचं नाहीये हो. एवढंच."

सावधानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं इतक्या वर्षांत त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

तिसऱ्या खेपेला ते स्वतःचाच उजवा हात डाव्या हातानं मनगटाशी घट्ट पकडून उभे राहिले. टिचकीपुरता सोडायचे, पुन्हा पकडायचे. आचके आले. त्यांनी दात-ओठ खाल्ले, पण हलले नाहीत. दोन मिनिटं अकरा सेकंदांनी बायको आपली आपण वर आली, गॉगल काढला, अंगठा आणि बोट जुळवून खूण केली आणि म्हणाली, "मी ठीक आहे." बाकावरच्या नऊ जणींनी टाळ्या वाजवल्या. सावधानरावांना आनंदानं रडूच फुटलं, पण तोंड आधीच ओलं असल्यामुळे ते खपून गेलं.

"आता दुसरा भाग," कोच घड्याळ बघत म्हणाली. "काकू नजर ठेवणार, जोडीदार पाण्यात. दीड मिनिट पुरे. पण तलाव बंद व्हायला सहाच मिनिटं आहेत. मी परीक्षक, मला जोडीदार होता येत नाही. काका, तुमची तब्येत?"

सावधानरावांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल आणली. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, याच महिन्याचं, तीन प्रतींत. कोचनं ते वाचलं, त्यांना दोन मिनिटं शांत श्वास घ्यायला लावला आणि मान हलवली.

त्यांनी छाती भरली आणि पाण्यात तोंड घातलं. आणि काय सांगावं! शिट्ट्या नाहीत, भोंगा नाही, कुणाच्या चुका नाहीत. निळ्या फरशांवर उन्हाच्या रेघा सरकत होत्या. बायको इथं कशासाठी येते ते त्यांना एकदम कळलं. एक मिनिटाला खांद्यावर टिचकी पडली. त्यांनी मजेत बोट वर केलं.

आणि डाव्या पोटरीत गोळा आला. तासभर गार पाण्यात उभं राहिल्याचा परिणाम. पोटरी दगडासारखी झाली, कळ थेट मेंदूत गेली. उठावं तर परीक्षा संपली. फक्त अर्धं मिनिट. सव्वा मिनिटाला टिचकी पडली. त्यांनी बोट वर केलं, आधीपेक्षाही ताठ.

पुढच्याच क्षणी त्यांना कुणीतरी उचलून उताणं केलं.

"अगं! बोट वर केलं होतं मी!"

"दिसलं मला," बायको म्हणाली.

"काकू," कोच हळूच म्हणाली, "त्यांनी खूण दिली होती. पंधरा सेकंदच राहिले होते. आता पुन्हा करायला वेळ नाही हो."

"नसू दे. ह्यांच्या खुणेवर माझा विश्वास नाही." बायकोचा आवाज चढला. "मुतखड्यानं दोन दिवस गडाबडा लोळत होते, तरी विचारलं की 'ठीक आहे'! शेवटी शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरलाही 'ठीक आहे'! आता पायाचा अंगठा एवढा वाकडा झाला होता, तो काय मजेनं? नको मला ते प्रमाणपत्र. सांभाळीन टॉवेल."

कोच सावधानरावांकडे वळली. "काका, खरं सांगा."

"पोटरीत... जरासा गोळा."

"सव्वा मिनिटाला होता?"

"होता."

"म्हणजे तुम्ही खोटी खूण दिलीत." कोचचा चेहरा एकदम कडक झाला. "तुमच्या कारखान्यात असं कुणी केलं तर काय करता?"

सावधानरावांनी मान खाली घातली. "पंधरा दिवस गेटच्या आत घेत नाही."

"मग पंधरा दिवस तुम्ही कुठल्याच पाण्यात उतरायचं नाही." तिनं तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि बायकोपुढे धरला. "काकू, सही करा. पास. खूण बघायला मी कुणालाही शिकवीन. तुम्ही माणूस बघितलात."

नऊ बायकांनी असा काही कल्ला केला की जीवरक्षकाचा हात पुन्हा शिट्टीकडे गेला.

बायकोनं सही केली, तक्ता जपून काठावर ठेवला आणि नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला. टाच धरून बोटं मागे ओढत ती पोटरी चोळू लागली.

"आता कसंय?"

"ठी..." सावधानरावांच्या तोंडून निघालं. बायकोचा हात थांबला. ती त्यांच्याकडे बघत राहिली.



"दुखतंय गं," ते म्हणाले. "फार दुखतंय."