पफांचं रफू

"ओव्हनच खराब आहे," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"ओव्हनला काही झालेलं नाही, आई," सून म्हणाली. "कालच त्यात केक केला. तुम्हीच दोन तुकडे खाल्लेत."

(तीन. पण भांडणात समोरच्याची चूक दुरुस्त करू नये, हे मी कुणी न शिकवता शिकले आहे.)

आमच्या दोघींच्या मध्ये ट्रे होता. तासाभरापूर्वी त्यात खिम्याचे चोवीस पफ होते, आता नुसती दाणादाण होती. एकेकाचं पोट फुटलेलं, मैद्याच्या चिंध्या झालेल्या आणि ओव्हनच्या काचेपासून छतापर्यंत खिमाच खिमा. सुनेची ही आयुष्यातली पहिली ऑर्डर. तिच्या जुन्या ऑफिसात एक वाजता कुणाचा तरी निरोप समारंभ होता आणि घड्याळात साडेदहा वाजले होते. पहिलीच बुडाली तर दुसरी कोण देणार?

"प्रत्येक पफावर मी तीन चिरा पाडल्या होत्या," ती म्हणाली. "वाफ निघून जायला. मग फुटले कसे?"

आता तुम्हाला म्हणून खरं सांगते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. शिवण शिकले ती लोकांचे जुने कपडे उसवून. चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि रफू असं केलं, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाईकच विसरायचं. सून आंघोळीला गेली, मी ट्रेवरचं फडकं उचललं आणि बघते तर काय, कोऱ्या करकरीत मालाला चिरा! सुरी घसरली असेल बिचारीची. पण फाटका माल माझ्या घरातून बाहेर जाईल? बोट ओलं केलं, कणकण मैदा घेतला आणि एकेक चीर मिटवत गेले. बहात्तर चिरा! वरून अंड्याचा हात फिरवला आणि ती बाहेर यायच्या आत ट्रे ओव्हनमध्ये सारला. कंबर गेली माझी. (आणि कौतुक? नाव नको.)

"कंपनीला फोन कर," मी म्हटलं. "चांगली खडसावते त्यांना."

तेवढ्यात आमचे हे, रिटायर्ड हेडक्लार्क, चमचा घेऊन हजर. "फुटले तरी वास काय सुंदर..."

"तुम्ही गप्प बसा!" आम्ही दोघी एकदम. त्या सकाळी तेवढंच काय ते एकमत.

सुनेने एक फुटका पफ उचलून खिडकीशी नेला आणि उलटसुलट करून पाहिला. "आई, याच्या चिरा कुणीतरी बुजवल्यात. आणि काय गबाळं काम! जोड नुसत्या डोळ्यांनीही दिसतोय."

"गबाळं?" माझा आवाज टिपेला गेला. "जोड दिसतोय? अगं, भिंग लावून शोधलास तरी सापडायचा नाही! चाळीस वर्षं या हातांनी..."

ह्यांचा चमचा हवेतच थांबला. मी त्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून मैदा होता.

आता ही घर डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. तिने फ्रिजमधून मैद्याचा उरलेला गोळा काढला, लाटणं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "मैदा आहे, खिमा आहे, अजून अडीच तास आहेत, आई, लाटायला घ्या, पण मी चिरा पाडायला लागले की दोन्ही हात पाठीमागे."