दोन इंच आत

मास्तरांच्या पोटात गोष्ट राहते, याबद्दल चर्चच्या मंडळीत दुमत नव्हतं. तीस वर्षं शिवणकाम करून त्यांनी अख्ख्या वस्तीच्या कमरा मोजल्या, पण एकाचा घेर दुसऱ्याला कळू दिला नाही. "माझ्याकडे आलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेला दगड," असं ते चारचौघांत सांगत. वरचेवर सांगत.

त्यामुळे मंडळीतली वीस माणसं पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली, तेव्हा चिठ्ठ्यांची जबाबदारी कुणावर टाकायची हा प्रश्नच आला नाही. ज्यांना यात्रेला येता येणार नव्हतं, त्यांनी आपापली प्रार्थना कागदावर लिहून, खाली नाव घालून, घडी करून द्यायची, ही पाळकसाहेबांची कल्पना. प्रभूने अटकेच्या आधी ज्या बागेत गुडघे टेकले, त्याच बागेत त्या चिठ्ठ्या हातात घेऊन प्रार्थना व्हायची होती. वाचायची मात्र कुणी नाही! जाणाऱ्यांनीही लिहावी, असा त्यांचा आग्रह होता. एकूण त्रेसष्ट चिठ्ठ्या जमल्या.

मास्तरांनी त्यांच्यासाठी निळ्या मखमलीची पिशवी शिवली. हातभर मखमल उरली. ती वाया घालवतील तर ते मास्तर कसले! त्यांनी तशीच दुसरी पिशवी शिवली आणि अर्धवट कामांच्या मापांच्या चिठ्ठ्या तिच्यात भरून बायकोच्या हवाली केल्या. काजाबटणं आणि हातशिलाई तीच करायची, तेव्हा बारा दिवस दुकान तिच्यावर सोडायला हरकत नव्हती. दोन्ही पिशव्यांना सारखी नाडी, सारखी गाठ. काम एकसारखं हवं, हे मास्तरांचं ब्रीद होतं, आणि त्या ब्रीदानेच पुढे घात केला.

आता मास्तरांच्या स्वतःच्या चिठ्ठीबद्दल. बायको स्वभावाने सोन्यासारखी, पण बोलायची. शिलाई मशीन थांबलं तरी ती थांबत नसे. वाटाण्याच्या शेंगा सोलताना सुरू झालेला विषय भांडी घासून होईपर्यंत तीन घरं आणि दोन लग्नं फिरून यायचा. म्हणून मास्तरांनी लिहिलं होतं, "प्रभू, माझ्या बायकोची जीभ दोन इंच आत घे. जास्त नको." खाली नाव. इतरांनी चार घड्या केल्या होत्या, मास्तरांनी सावधगिरी म्हणून आठ केल्या.

विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्याने विचारलं, पिशवीत काय आहे? मास्तर बाणेदारपणे म्हणाले, ते सांगता येणार नाही. मग काय विचारता! पिशवी यंत्रातून तीनदा गेली, कुत्र्याने दोनदा हुंगली, आणि मास्तरांचे बूटसुद्धा काढून झाले. अधिकारी नाडी सोडणार, इतक्यात पाळकसाहेबांनी मध्ये पडून समजूत घातली. त्या भल्या माणसाला नाडी सोडू दिली असती तर सगळं तिथल्या तिथे निभावलं असतं, असं मास्तर पुढे कितीदा तरी मनाशी म्हणाले.

कारण तिसऱ्या दिवशी त्या बागेत, जुनाट ऑलिव्हच्या झाडांखाली सगळे गोल उभे राहिले आणि पाळकसाहेबांनी खूण केली, तेव्हा मास्तरांनी गंभीरपणे पिशवीत हात घातला आणि त्यांच्या बोटाला टाचणी टोचली.

प्रार्थनेला टाचणी कशी असेल? मास्तरांनी नाडी किलकिली करून आत पाहिलं. राखाडी कापडाचा तुकडा, त्याला टाचलेला कागद आणि कागदावर त्यांच्याच अक्षरात, "छाती चाळीस, कंबर चव्वेचाळीस, पोटाला सैल ठेवणे."

त्रेसष्ट माणसांचा विश्वास घरी मशीनच्या खणात पडला होता. आणि त्यात ती आठ घड्यांची चिठ्ठी, बायकोच्या हातापासून वीतभर अंतरावर!

"मास्तर, वाटा चिठ्ठ्या," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

मास्तरांनी पिशवी छातीशी कवटाळली आणि धाडकन गुडघ्यांवर बसले. चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत, सगळा भार मी एकटाच वाहीन, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी जन्मात केली नव्हती इतक्या कळकळीची प्रार्थना केली, की ती चिठ्ठी तेवढी तिच्या हाती लागू देऊ नकोस. याच बागेत प्रभूनेही संकट टळावं म्हणून मागितलं होतं आणि ते टळलं नव्हतं, हे त्यांना मधेच आठवलं. त्यांना दरदरून घाम फुटला.

मंडळी भारावली. खोलीत त्यांच्यासोबत राहणारे चष्मेवाले काका तर डोळे पुसत म्हणाले की यात्रा कशी करावी ते मास्तरांकडून शिकावं.

संध्याकाळी मास्तरांनी घरी फोन लावला. सरळ विचारावं तर ती पिशवी उघडेल, न विचारावं तर जीव राहत नाही.

"अगं, ती मापांची पिशवी उघडू नकोस."

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"मी आल्यावर बघू म्हणावं. दमट हवेने कागद खराब होतात."

"इथे तर ऊन आहे."

"इथे दमट आहे."

मग बायको म्हणाली, "बरं."

नुसतं बरं! सव्वीस वर्षांच्या संसारात ती नुसतं बरं कधी म्हणाली नव्हती. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सरोवरावर नावेत बसून सगळे गाणी म्हणत होते, तेव्हा मास्तर पिशवी पोटाशी धरून पाण्याकडे बघत होते. नदीकाठी त्यांना रडू फुटलं. लोक म्हणाले, केवढा स्पर्श झालाय बघा! पण चिठ्ठ्या नसल्या तरी माणसं तर होती. म्हणून मास्तर रोज एकेक माप काढून त्या गिऱ्हाइकासाठी प्रार्थना करायला बसत, आणि तिथे गाडी अडायची. गॅरेजवाल्याचा खांदा साडेअठरा, हे तोंडपाठ. पण त्याची बायको गेल्यावर तो जेवतो कुठे? ठाऊक नाही. तीस वर्षं टेप लावून आपण माणसाच्या जवळ उभे राहिलो आणि इंचांपलीकडे काही विचारलं नाही, याची मास्तरांना मनापासून लाज वाटली.

घरी पोहोचले तेव्हा बायकोने पाणी दिलं. "प्रवास बरा झाला?" म्हणाली, आणि संपलं. मखमलीची पिशवी मशीनच्या खणात होती, गाठ जशीच्या तशी. मास्तरांनी दार लावून चिठ्ठ्या मोजल्या. बासष्ट! आठ घड्यांची नेमकी नव्हती.

दोन दिवस घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मास्तर मुद्दाम विषय काढायचे, शेजाऱ्यांचा, विहिणीचा, अगदी तिच्या माहेरचासुद्धा. ती "हो" म्हणायची, "असेल" म्हणायची आणि बटण लावत बसायची. भांडली असती तर परवडलं असतं.

रविवारी चर्चमध्ये साक्षी द्यायच्या होत्या, म्हणजे प्रार्थनेने काय झालं ते उठून सांगायचं होतं. मास्तर मागच्या बाकावर बसले, पण आधी उठले ते यात्रेला न गेलेलेच. बेकरीवाल्या आजींनी लिहिलं होतं की पायऱ्या चढवत नाहीत, चर्च सुटलं. आता गेले दोन रविवार दोघं जण खुर्चीसकट त्यांना उचलून आणत होते. आठ वर्षं एका भिंतीआड अबोला धरलेले दोन भाऊ एका बाकावर बसले होते, कुणी कडेला बसायचं यावर कुजबुजत भांडत होते, पण बोलत होते. गॅरेजवाला म्हणाला, "जेवलास का असं विचारणारं कुणीतरी दे, एवढंच मागितलं होतं. आता रोज तीन घरांतून बोलावणं येतं. मास्तर, प्रभूला सांगा, पुरे."

सगळे मास्तरांकडे वळले. पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. आता गप्प बसलं तर जन्मभर संत म्हणून मिरवता आलं असतं. मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

"पिशवी बदलली," मास्तर म्हणाले. "तुमच्या प्रार्थना इथेच राहिल्या. तिथे मी मापं नेली होती. नदीकाठी मी रडलो तो तुमच्या पोटांच्या घेरावर. मला माफ करा."

हसावं की रागवावं, कुणालाच कळेना. मग आजी खुर्चीतून म्हणाल्या, "तरीच मास्तरीण टेप घेऊन आली होती माझ्याकडे! मापं हरवलीत म्हणाली. माप घेतलं दोन मिनिटं, बोलत बसली दोन तास. जाताना शेजारच्या पोरांना खुर्चीचं सांगून गेली."

"आमच्याकडेही आली होती," मोठा भाऊ म्हणाला. "गळ्याभोवती टेप आवळून धरली आणि म्हणाली, धाकट्याला हाक मार, मग सोडते."

घराघरांतून तेच निघालं. दहा दिवस ती बाई टेप घेऊन वस्तीभर हिंडली होती. प्रार्थना वाचल्याचं कुणाला कळू न देता, नुसती बोलत बोलत. जिथे बोलून भागण्यासारखं नव्हतं, तिथे हात धरून बसली होती. पाळकसाहेब तिला म्हणाले, ताई, तुम्ही दोन शब्द बोला. तिने हसून नकारार्थी मान हलवली.

घरी जाताना मास्तरांनी अर्धा रस्ता कळ काढली. मग थांबले.

"अगं, चुकलं माझं. काहीतरी बोल. शिव्या दे."

तिने पर्समधून एक कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. आठ घड्या. मास्तरांनी तो उलगडला. पुढे त्यांची प्रार्थना आणि मागे बायकोच्या अक्षरात, दुकानाच्या पावतीवर लिहितात तसं, "दोन इंच आत घेऊन पाहिलं. ट्रायल झाली. गिऱ्हाइकालाच होत नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत होती, आणि ओठांचे कोपरे काही केल्या जागेवर राहत नव्हते.

"सोड परत," मास्तर म्हणाले. "शिवणीत दाबलेलं सगळं मार्जिन सोड."

"सोडते," ती म्हणाली. "तर आता मुळात सांगते ऐका, तुमचा फोन आला ना, त्याच मंगळवारी सकाळी मी..."

घर आलं, जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी त्या मंगळवारची सकाळ अजून संपलेली नव्हती. मास्तरांनी बोटावरच्या टाचणीच्या खुणेकडे पाहिलं आणि हुंकार देत राहिले. तासाभराने मात्र त्यांच्या मनात आलं की सगळं सोड म्हणायच्या आधी एखादा इंच राखून ठेवायला हवा होता.