आमच्या घराचा लशींचा तक्ता

कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं काढली. माझ्या हाताखालून एक खिळा इकडचा तिकडे होत नाही. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणाला महिना राहिला तेव्हा डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी कान देऊन ऐकलं.

"बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाने डांग्या खोकल्याची लस निदान पंधरा दिवस आधी घ्यावी. मोठ्यांना तो साधा खोकला वाटतो, तान्ह्याच्या मात्र जिवावर बेततो."

"हे खातं माझ्याकडे," मी छाती ठोकून सांगितलं.

मुलगी म्हणाली, "ज्याचं कार्ड नाही त्याला बाळ मिळणार नाही. मग तो कोणी का असेना."

"अगदी बरोबर!" असं मीच म्हणालो.

त्याच संध्याकाळी तक्ता आखला. लस म्हणजे पोराटोरांचं काम, असं मीही समजत होतो. पण ही यादी वयाबरोबर लांबतच जाते. मुलीची गरोदरपणातली झाली होती. बायकोला पन्नाशीनंतरची नागिणीची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची. डांग्या खोकल्याची सगळ्यांना.

अण्णांनी बाही सरकवून दंड दाखवला. "माझी लहानपणीच देवी काढलीय. हा बघ वण."

"अण्णा, ती देवीची होती."

"लस ती लस."

"छत्री आहे म्हणून चपला नकोत का?"

"मी काही सुईला भीत नाही." सुईचा विषय मी काढलाच नव्हता.

"पणतवंड मांडीवर घ्यायचंय ना?"

अण्णा चपला शोधायला लागले.

दवाखान्यात मी दाराशी उभा राहून बायकोला, जावयाला, अण्णांना एकेक करून आत सोडलं. बायकोला वाटलं, हे शेवटी घेतील. नर्सबाईंना वाटलं, यांची आधीच झालीय. मला तर काहीच वाटलं नाही. माल देणारा घेणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव कधी लिहितो का? सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा करून मी समाधानाने घरी आलो.

नात झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच मुलीने कार्डं मागितली. अण्णांनी ऐटीत खिशातून काढलं आणि मांडी घालून बसले. मी तक्ता पुढे केला.

"बाबा, यात तुमची ओळ कुठंय?"

वरून खाली वाचला. खालून वर वाचला. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. महिनाभर मी उशी कुशीत घेऊन सराव केला होता हो!

धावत खाली जाऊन टोचून आलो आणि कार्ड दाखवलं.

"छान. आता पंधरा दिवस दारातूनच बघा," मुलगी म्हणाली.

अण्णांना माझी कीव आली. मांडीवरच्या पणतीला थोपटत म्हणाले, "असू दे रे. लहान आहेस अजून, शिकशील."

तेवढ्यात नर्सबाई बाळाचं कार्ड घेऊन आल्या. क्षयाची, पोलिओची, काविळीची. एका दिवसाच्या नातीच्या तीन झाल्या होत्या.

माझी एक.