पडघान सरांची पपई

पहाटे उठून कच्च्या पपयांना ओरखडे काढणारा माणूस अख्ख्या वाशीममध्ये एकच होता, आणि तो हायस्कूलात विज्ञान शिकवायचा.

पडघान सर आमचे शेजारी. गावाबाहेरच्या माळ्याच्या मळ्यात जाऊन झाडावरच्या हिरव्या पपयांना ते बांबूच्या पातीनं चिरा पाडत आणि ठिबकणारं पांढरं दूध काचेच्या वाटीत धरत. माळी वैतागायचा. "सर, माल नासून राह्यला ना माह्या!"

"अरे, औषध हाय हे. यात प्रथिन हाय. जेवन पचवते!"

ते दूध सावलीत वाळवून सर त्याची पावडर करत. उष्णतेची त्यांना भारी धास्ती. "गरम झालं का मेलं!" माझ्या बायकोनं एकदा, लवकर वाळेल म्हणून, त्यांची वाटी चुलीजवळ सरकवली. सर असे किंचाळले की गल्ली गोळा झाली. "वहिनी, खून केला तुमी!" मेलं ते कोण, हे लोकांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

मी कोर्टात कारकून. एका दुपारी सर हातात ग्लास घेऊन थेट माझ्या टेबलाशी हजर! सकाळी पावडरीच्या पाण्यात ठेवलेला उकडलेल्या अंड्याचा पांढरा तुकडा विरघळून गेला होता. तारखेला आलेल्या पक्षकारांनाही त्यांनी तो गढूळ ग्लास दाखवला. "पाहा! दात नाईत, तरी चावलं यानं!"

ही सगळी खटपट घरातल्या म्हातारीसाठी. सर तिला माय म्हणत. मोठ्या दुखण्यातून ती उठली, पण वरण पचेना. पेजेवर दिवस चालले होते. मग डॉक्टरांना विचारून सर कोमट वरणात चिमूटभर पावडर टाकू लागले. त्यानं वरण कडू व्हायचं.

"इख घालतं का रे मले?" म्हातारी ओरडायची.

"माय, दोन घास खाय. मंग सांग पोट काय म्हन्ते."

हळूहळू पोट काही म्हणेनासं झालं. म्हातारी वरणात भाकर कुस्करून खाऊ लागली.

ती सावरल्यावर शिरपूरहून तिचा मुलगा तिला न्यायला आला. तेव्हा आम्हाला कळलं, ही सरांची आई नव्हे, सासू. सरांची बायको लग्नानंतर वर्षभरातच वारली होती. लेकीच्या आजारपणात आलेली म्हातारी परत गेलीच नव्हती.

सरांनी स्वतः तिचं गाठोडं बांधलं. मीही एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. मेव्हण्याला सर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "कोमट वरनात टाकजो. गरमात नाई. थोडं थांबजो, मंग..."

गाडी लागली. म्हातारी मात्र गाठोड्यावरून उठेना.

"तू जाय, बापा," ती मुलाला म्हणाली. "तुह्याजवळ बायको हाय, लेकरं हायत. याच्याजवळ कोन हाय? याचं कडू वरन कोन खाईन?"

मुलगा हसला, तिच्या पाया पडला आणि एकटाच गाडीत चढला.

गाडी गेली. सर आमच्याकडं पाठ करून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभे राहिले. बराच वेळ झाला म्हणून मी हाक मारायला निघालो, तर म्हातारीनं माझा हात धरला.

"वाचू दे त्याले," ती हळूच म्हणाली.